तिथला चेअरमन

दिंद्रुडला माझा शेजारी सहकारी साखर कारखान्यात ऊस मोजायच्या वजनकाट्यावर कारकून होता. 'चेअरमन' म्हणायच्या आधी तो मागं वळून बघायचा, स्वतःच्या घरात असला तरी. कारखान्यात सत्ता बदलली की काट्यावरची माणसं कशी बदलतात, हे त्यानं पाहिलं होतं.

त्याच्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. मधोमध चेअरमन, कोपऱ्यात मुलगी. पुढं तिकडचं सरकार बदललं आणि व्हिसाच्या मुलाखतीच थांबल्या.

दुष्काळाचे दिवस. चौकातल्या टँकरच्या रांगेत त्यानं मागं बघून हळूच विचारलं, "सर, तिथला चेअरमन बदलला म्हणं. नव्याच्या जवळचं कोण हाय?"

"तिथं आपलं कोणीच नाही हो."

त्याला ते पटलं नाही. कोणीतरी असतंच, अशा नजरेनं तो माझ्याकडं बघत राहिला. रांगेतला जो तो फ्लेक्सकडं बोट करून विचारायचा, "कवा चालली पोरगी?" तो हंडा पुढं सरकवायचा.

एका सकाळी चौकात नुसते बांबू उरले होते. फ्लेक्स शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीवर उलटा पसरलेला, दोऱ्या विळ्यानं कापलेल्या.

टँकरपाशी चेअरमनचा माणूस उभा होता. "सायबाचा फोटो कुनी काढला बे?"

शेजारी या वेळी मागं वळला नाही.

"म्या काढला. पोरीला चौकातून जाता येईना झालतं."