स्कीची खंडेनवमी

गुरुवारी आमच्या घरात स्कीवरून महाभारत झालं. हो, स्की… बर्फावरच्या. आणि घर कुठे, तर शारजात, अल नहदाला!

नवऱ्याचा युरोपियन बॉस दुबई मरीनातलं घर सोडून कायमचा मायदेशी गेला, तेव्हाची ही गोष्ट. इथून जाणारा माणूस सामान वाटूनच जातो. कुणी फ्रिज आणला, कुणी सोफा… आमच्या महेशने बॉसच्या बायकोची स्कीची जोडी आणि बूट उचलून आणले. "सई मोठी झाली की होतील तिला." सई तेव्हा दुसरीत होती, आता दहावीत आहे.

तेव्हापासून स्की बेडखाली, बूट बाल्कनीत. दर खंडेनवमीला गाडीच्या किल्लीशेजारी स्की मांडायच्या, खोबरेल तेलाने पुसायच्या, हळदकुंकू वाहायचं… मी बोलून बोलून थकले.

आता डिसेंबरच्या सुट्टीत जॉर्जियाला जायचं ठरलंय. मी म्हटलं, तिथे सगळं भाड्याने मिळतं, तपासलेलं असतं. स्कीवर बूट धरून ठेवणारा तो जुना चाप पडल्यावर सुटलाच नाही, तर पोरीचा गुडघा जाईल. पण ऐकेल तर शपथ!

"अगं, गंजाचा एक ठिपका दाखव. दरवर्षी मेंटेन केल्यात मी."

"मग तिला इथेच बूट घालून चालू दे. यल्ला, होऊन जाऊ दे!"

सईने बूट चढवले, बकल आवळले, हॉलमध्ये दोन पावलं टाकली… आणि कडाड्! डाव्या बुटाचं प्लास्टिक पापडासारखं फुटलं आणि ती सोफ्यावर आदळली. लागलं काही नाही.

"बाबा, यू वॉन्टेड मी टू गो डाउन अ माउंटन इन दीज?"

पूजा फक्त स्कीची झाली होती ना… बूट कोण देवापुढे मांडतं? इतके उन्हाळे ते बाल्कनीत भाजत पडले होते. दिसायला ठणठणीत, आतून खलास.

महेश सईचा पाय मांडीवर घेऊन घोटा पुन्हा पुन्हा दाबून बघत बसला. मग हळूच म्हणाला, "भाड्यानेच घेऊ." आणि वर, "पण स्की तर चांगल्या आहेत ना?"

आता काय डोकं आपटायचं?

येत्या खंडेनवमीला मात्र मी ते फुटके बूटही पूजेत मांडणार आहे, झेंडू वाहून. डोंगरावर न फुटता हॉलमध्ये फुटले… एवढी अक्कल आमच्या घरात फक्त त्यांनाच होती.