पाचवीला ओटीत घातलेला

ती घटना डोळ्यांपुढून आजही हलत नाही. आठवताना आधी धुकं दिसतं, मग नदी, मग माणसं.

मी तेव्हा दौंडला होतो. भीमेचं पाणी उतरलं होतं. सकाळीच एक मासेमार ठाण्यात आला. "साहेब, गाळात माणसाची हाडं हायत. हातात कडं हाय." धुक्यातच पंचनामा केला. नदी इतकी शांत, की आम्हीही हळू बोलत होतो.

वरच्या अंगाला, मांडवगण फराट्याचा एक तरुण पावसाळ्यापासून बेपत्ता होता. रांजणगावची शिफ्ट संपवून निघाला, तो घरी पोचलाच नाही. त्याच्या विधवा आईला बोलावलं. तिने कडं ओळखलं आणि गालाला लावलं. पण तशी कडी जत्रेत ढिगाने मिळतात. म्हणून हाडांतली एक दाढ आणि आईचं रक्त प्रयोगशाळेत पाठवलं. मुलाचा निम्मा डीएनए आईकडून येतो, आणि दाढेत तो बरीच वर्षं टिकतो.

अहवाल आला: ही त्याची आई नाही.

म्हणजे हाडं बेवारस ठरणार. बाई तरी रोज ठाण्यात येऊन बसायची. मळ्यातल्या शेवंतीचा वास तिच्याबरोबर आत यायचा. सोबत धाकटी जाऊ असे, ती मात्र दारातच थांबे. ठाण्यात जो दारात थांबतो, त्याच्याकडेच बहुधा सांगण्यासारखं असतं.

मी धाकटीला आत घेतलं. "तपासणी खोटं बोलत नाही, आणि तुमच्या जाऊबाईही खोटं बोलत नाहीत. मग मी काय समजू?"

पदर पिळत ती म्हणाली,

"साहेब, माझं रक्त घ्या. थोरलीला लेकरू न्हवतं. पाचवी पुजली आन् तिच्या ओटीत घातला. परत कवा माझा म्हनायचं न्हाई, अशी शपथ घेतली व्हती."

"शपथ मोडू नगं गं," थोरली बाकावरून म्हणाली.

"त्याला घरची माती मिळू द्या, बाई. पाप लागलं तर मला लागंल."

मी शिपायाला उगाच चहा सांगितला.

दुसरा अहवाल जुळला. हाडांचं गाठोडं समोर ठेवून मी विचारलं, "ताबा कोण घेणार?"

"आईच घील की," धाकटी म्हणाली. "मी चुलती हाय."

नोकरीत मी पुरावा मानायला शिकलो, अजूनही मानतो. त्या दिवशी मात्र अहवालातली आई पुन्हा दारात जाऊन उभी राहिली, आणि मी गाठोडं थोरलीच्या ओटीत दिलं.