रेघेपर्यंत तेल

किल्ली माझ्या खिशात होती आणि इंजिन चालू होतं. आजही संध्याकाळी रस्त्यावरून एखादा ट्रक ओरडत गेला की माझा हात आधी खिशाकडे जातो. बायको हसते. हसेना का, ती त्या दिवशी भिंतीच्या पलीकडे होती.

पनवेलला मुंबई-पुणे रस्त्यालगत आमचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागच्या भिंतीला चिकटून घर. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, गावच्या बोलीत शनवार तेली. पूर्वजांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद ठेवत, म्हणून हे नाव. घाणे कधीच गेले, शनिवार तेवढा राहिला. शुक्रवारी सूर्य मावळला की बाबा हातातला पाना खाली ठेवत. त्याआधी ते एक काम स्वतः करत. घरातला टांगलेला काचेचा दिवा उतरवून त्यात काठोकाठ खोबरेल भरत. शब्बाथ, म्हणजे तो विसाव्याचा दिवस, लागल्यावर दिव्याला हात लावायचा नसतो. विझवायचा नाही आणि विझला तर पुन्हा लावायचाही नाही. म्हणून आधीच इतकं भरायचं की तेल काठाशी थरथरलं पाहिजे.

बाबा कारबेटरचे मिस्त्री, इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल-हवेचं मिश्रण जुळवणारे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत खोकणारी गाडी शांत करायचे. खोपोलीपासून लोक येत. पण पेट्रोल परवडेनासं झालं आणि ट्रकमालक पेट्रोलची इंजिनं काढून डिझेलची बसवायला लागले. ते काम मुंबईला होई. बाबांकडे दिवसाला एखादी गाडी, तीही कुणाची तरी जुनी ओळख म्हणून.

त्या सुमाराला गव्हाणचा एक मिठागरवाला शेठ आला. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातले चार ट्रक होते. म्हणाला, "मिस्त्री, एक गाडी देतंय. जुना इंजिन काढा, डिझेलचा बसवा. जमला तर बाकीच्या तीन पन तुमच्याकडंच. नाय जमला तर मी मुंबईला जातंय, मंग कारबेटरला पन तुमच्याकडं येनार नाय." तो गेल्यावर बाबा बराच वेळ हात पुसत बसले. ही गाडी बिघडली असती तर बाबांना मिस्त्री म्हणणारं कुणी उरलं नसतं, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

मी मुंबईत दोन वर्षं डिझेलचं काम शिकून आलो होतो, त्यामुळे डोकं जरा फिरलेलंच होतं. बाबांना मी शिकवायला लागलो. पेट्रोलला ठिणगी लागते, किल्ली फिरवली की ठिणगी बंद आणि इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नाही. पंप डिझेल फवारतो आणि दाबानं तापलेल्या हवेत ते आपसूक पेटतं. म्हणून किल्ली काढली तरी ते चालतच राहतं. थांबवायला एक तार ओढायची, म्हणजे डिझेल तुटतं. बाबांनी ऐकून घेतलं. मग पंपावर हात ठेवून विचारलं, "यात आपण काय करायचं?" पंपाला कंपनीचं शिशाचं सील होतं. त्यात आपण काही करायचं नव्हतं.

जुनं इंजिन काढून आम्ही मागच्या अंगणात गोणपाटाखाली ठेवलं. त्याचा कारबेटर बाबांनी वेगळा काढला, पेट्रोलनं धुतला आणि फडक्यात बांधून फळीवर ठेवला. मला हे चाळे वाटले. शेठचा ड्रायव्हर मात्र तिकडे बघून बेचैन व्हायचा. पंधरा वर्षं तो त्याच गाडीवर होता. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत किल्ली काढून त्याच्या डोळ्यांसमोर नाचवली. इंजिन आपलं ठकठक चालूच. तो दोन पावलं मागं सरला. "चावी तुमच्या हातान हाय, मंग चालवतंय कोन?" मी हसलो. तो हसला नाही. अंगणाकडे बोट करून म्हणाला, "तुमी त्याला जित्ताच भायेर काढलाव."

शुक्रवार उजाडला. शेठला गाडी संध्याकाळच्या आत हवी होती. सगळं बसलं होतं, राहिला होता एअर क्लीनर. हवा इंजिनात शिरण्याआधी तेलाच्या भांड्यावरून जाते आणि धूळ तेलात राहते, असा तो. बाबा सकाळपासून मागंमागं फिरत होते. पाना देत होते, न मागता. मला त्यांची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडा वैतागही. काहीतरी हातात द्यावं म्हणून मी म्हणालो, "बाबा, एवढं भांडं तेलानं भरा." भांड्याच्या आत एक रेघ असते, तिच्यावर तेल जाता कामा नये. ते मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं गाड्या खोलणाऱ्या बापाला भांड्यात तेल किती ओतायचं हे काय सांगायचं, असं वाटलं. लाजच वाटली.

घरचा दिवा ते तासाभरापूर्वीच भरून आले होते.

बाबांनी भांडं बसवलं, हात धुतले, आंघोळ करून पांढरे कपडे घातले. ऊन रस्त्यापलीकडच्या खाडीकडे उतरलं होतं. आमच्या गल्लीत पूर्वी या वेळी दारोदारी आवराआवर चालायची. आता निम्मी घरं कुलूपबंद होती, माणसं बोटीनं इस्रायलला गेलेली. सूर्य बुडायला थोडा वेळ होता, म्हणून मी शेवटचं एकदा इंजिन सुरू केलं. हळू चालीला उत्तम चाललं. मग पूर्ण वेग बघावा म्हणून पाय दाबला.

पाय काढला, पण आवाज उतरला नाही, चढतच गेला. मी तार ओढली, किल्ली काढून खिशात टाकली. तरी आवाज चढतोच आहे. खाली उडी मारून मी पंपाला येणारी डिझेलची नळीच सोडली. डिझेल जमिनीवर सांडलं, इंजिनाच्या वाट्याला थेंब नाही, आणि ते आणखी जोरात ओरडायला लागलं. निळसर पांढऱ्या धुरानं गॅरेज भरलं. पत्रे थडथडत होते. फळीवरून काहीतरी खाली पडलं, ते फडक्यातलं गाठोडं होतं. ड्रायव्हर रस्त्यावर पळाला आणि तिथून छातीवर हात धरून बघत राहिला. मला त्या घटकेला त्याचं म्हणणं खरं वाटलं. खायला काही नसताना जे धावतं आहे ते कशावर धावतं आहे, हे माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणात कुठंच नव्हतं. भिंतीपलीकडे माझी बायको होती आणि इंजिन फुटलं असतं तर ती भिंत काही टिकणारी नव्हती. मी नुसता उभा होतो. मागच्या खिडकीतून दिवा लागलेला दिसला. शब्बाथ लागला होता.

धुरातून बाबा आले. पांढरे कपडे, अनवाणी, हातात जेवायला बसायचा पाट. त्या वेळेनंतर त्यांनी हत्याराला हात लावलेला मी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. डोळे मिटून क्षणभर ऐकलं, पूर्वी ऐकायचे तसं, आणि तो पाट एअर क्लीनरच्या तोंडावर ठेवून दोन्ही हातांनी दाबला. इंजिन घरघरलं, गाडी पायापासून हादरली आणि एकदम सगळं गप्प झालं. हवा मिळाली नाही तर काहीच जळत नाही, एवढं त्यांना पुरे होतं. पाट तोंडाला असा चिकटला होता की आम्हा दोघांना ओढून काढावा लागला. बाबांनी तो घरात नेला, हात धुतले आणि त्याच पाटावर जेवायला बसले. कपड्यांवर काळे ओघळ होते.

शनिवारी गॅरेजला कुणी हात लावला नाही. रविवारी सकाळी मी भांडं खोललं, बाबा माझ्या खांद्यावरून वाकून आत बघत होते. तेल अजूनही रेघेच्या दोन बोटं वर होतं, आणि बाहेरच्या बाजूनं काठावरून वाहिलेले ओघळ सुकले होते. मग कोडं राहिलंच नाही. काठोकाठ भरलेलं तेल हवेबरोबर आत ओढलं जात होतं आणि इंजिन त्याच्यावर धावत होतं. बाबांनी ते दिव्यासारखं भरलं होतं.

शेठ आला तेव्हा इंजिन सुरू करून दाखवलं. नशिबानं आत काही मोडलं नव्हतं. तरी ड्रायव्हरनं सगळं सांगितलेलंच होतं. शेठनं विचारलं, "चूक कोनाची?" बाबा दारात उभे होते. मी म्हणालो, "माझी. तेल मी जास्त भरलं." शेठ बाबांकडे वळला. "पोरगा शिकंल. तुमी हाव तवर माझ्या गाड्या इथंच येतील." बाबांनी मान हलवली. मी मनात स्वतःवर खूश होतो. बापाची लाज राखली, असं वाटत होतं.

पुढच्या शुक्रवारी बाबांनी दिवा उतरवला. गॅरेजमधून कानस आणली आणि काचेवर आतून एक रेघ ओढली, निम्म्याच्या जरा खाली. रेघेपर्यंत तेल ओतलं, वाकून डोळ्यांच्या पातळीला धरून पाहिलं आणि दिवा टांगला. बायको म्हणाली, "बाबा, एवढं पुरायचं नाही." ते म्हणाले, "रेघेपर्यंतच भरायचं असतं."

जेवण अर्ध्यावर असताना दिवा फडफडला आणि विझला. लावता येत नव्हता. आम्ही तिघं ताटांसमोर अंधारात बसून राहिलो. कुणाचा चेहरा दिसत नव्हता. रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो पेट्रोलचा की डिझेलचा हे बाबा ऐकत असणार, असं मला वाटलं. ट्रक दूर गेला. मग त्यांचा आवाज आला, अगदी साधा.

"तुला रेघ माहीत होती. सांगितली असतीस तर मी ऐकलं असतं."

त्यांचा हात चाचपडत ताटाकडे गेल्याचा आवाज आला आणि ते जेवायला लागले.