तो चावला नव्हता

शेवटची चाळीस सेकंदं उरली होती आणि मी पाच-चारने मागे होतो. जुन्नरच्या हॉलमध्ये जिल्हा निवडचाचणीची फायनल चालू होती. जिंकणारा राज्य स्पर्धेला जाणार, हरणारा घरी. फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड असतात. समोरच्याची पाठ टेकवली नाही, तरी गुणांवर जिंकता येतं. माझा दम संपला होता. सिद्धार्थचा नव्हता.

सिद्धार्थ लोणीचा. आम्ही वर्षानुवर्षं एकाच मॅटवर सराव केलेला. त्यानं पट काढला, म्हणजे खाली घुसून माझा पाय धरला. पडलो असतो तर आणखी दोन गुण गेले असते. मी त्याचं डोकं काखेत घेतलं आणि हात त्याच्या तोंडावर करकचून आवळला. हे नियमात बसत नाही, पण पंच माझ्या पाठीमागे होते. दोघंही अडकलो, तशी त्यांनी शिट्टी मारून सोडवलं.

उठताना हाताकडे लक्ष गेलं. दातांचे दोन व्रण उमटले होते. मीच दाबल्यामुळे.

"सर, हा चावला!" मी ओरडलो.

ओरडलो ते विचार न करता. पुढचं मात्र सगळं विचार करून केलं. चावणाऱ्याला थेट बाद करतात, हे मला पाठ होतं.

पंचांनी हात निरखून पाहिला. "नक्की चावला?"

"मग हे काय आहे, सर?"

"न्हाई सर, ह्यानंच हात दाबला तोंडावर," सिद्धार्थ म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दत्ता, सांग की रं."

मी मॅटकडे बघत राहिलो. कॅमेरा नव्हता. त्याच्या शब्दासमोर माझा शब्द, एवढंच. मी तालमीच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो बौद्ध वस्तीतला. माझा शब्द चालला. का चालला ते तेव्हा कळलं नाही असं म्हणालो, तर तेही खोटंच होईल.

मला राज्य स्पर्धेत सुवर्ण मिळालं, पुढे नॅशनलचं पदक, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. सिद्धार्थला 'चावरा' हे नाव मिळालं. जत्रेत तो आखाड्यात उतरला की लोक भुंकायचे. दोन जत्रांनंतर त्यानं लंगोट ठेवून दिला आणि आळेफाट्याला गॅरेज टाकलं. तिथं एसटी थांबली की मी खिडकीबाहेर बघत नसे.

गेल्या वर्षी लोणीच्या आखाड्यासाठी पाहुणा म्हणून बोलावणं आलं. आदल्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो. सिद्धार्थ ट्रकखालून बाहेर आला, हात पुसले.

"या पैलवान. जय भीम."

"सिद्धार्थ, तू चावला नव्हतास."

"मला काय सांगता?" तो म्हणाला. पूर्वी आमच्यात अरे-तुरे होतं. "दात माझेच व्हते. गावाला सांगा."

दुसऱ्या दिवशी माइक हातात आल्यावर मी सांगितलं. मी खोटं बोललो, ती कुस्ती सिद्धार्थची होती. तो आला नव्हता. टाळ्या सुरू झाल्या. संयोजकांनी माइक घेतला. "चॅम्पियनचं मन बघा राव, लई मोठं!" आणि माझ्या गळ्यात आणखी एक हार घातला. मला तो काढून टाकायलाही जमलं नाही.

आखाड्याच्या कडेला सिद्धार्थचे वडील उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. मी जवळ गेलो.

"आबा, चुकलं माझं."

"पोरानं तवाच सांगितलं व्हतं आमाला," ते म्हणाले. "तरी मी त्याला इचारलं, खरंच चावला न्हाईस ना? बापानं इचारलं, पैलवान. लोकांच्या भुकण्याचं त्याला एवढं न्हाई लागलं."

गॅरेजमध्ये पुन्हा जाण्याचा धीर झालेला नाही.

आता मी कुस्ती शिकवतो. गुण, पकडी, बाद होण्याची कारणं सांगून झाली की एक गोष्ट जास्तीची सांगतो. चूक कबूल करायची तर मॅटवर असतानाच करावी. उशीर झाला की तिचं भाषण होतं आणि भाषणाला टाळ्या पडतात.