तीन महिन्यांची लाठी

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किडकं आहे, ऱ्हस्व-दीर्घही कळत नाही, तेवढं माफ करा. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. तोंडाने सांगायला गेले की जीभ अडते, म्हणून लिहिते.

आमचं गाव माजरीच्या कोळसा खाणींकडे. बाबा लाठीचे वस्ताद. गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे आमचा आखाडा, आणि आखाड्याच्या पुढे मी — दोन हातांत दोन काठ्या. एरवी मान वर करून बोलायची नाही, पण काठी फिरायला लागली की गर्दी आपोआप मागे सरायची. लोकांना वाटायचं, हिच्या वाटेला कोण जाईल?

पण काठी फिरवणं वेगळं आणि लाठी येणं वेगळं. फिरवणं वर्षभरात जमतं. त्यानंतर वस्ताद समोर जोडीदार उभा करतात. तो खरंच मारतो. बोटांवर बसते, काठी सुटते. लागूनही ती सुटू नये, विचार न करता पाय पडावेत — त्याला बाबा पाच-सहा वर्षं सांगायचे, तेही रोज आलं तर. पोरांना त्यांनी तसंच शिकवलं. मला म्हणायचे, "पोरीच्या अंगावर वळ दिसले तं सोयरीक कोण आणन?" मी एकदाही कुणासमोर उभी राहिले नाही. हे बाबांना माहीत होतं आणि मला. बाबा आता नाहीत.

गावातल्या मुली सायकलने भद्रावतीला कॉलेजात जातात. वाटेतल्या पुलाजवळ दारुडे बसू लागले, तेव्हा आया माझ्याकडे आल्या. शेवंताबाईने विचारलं, "बाई, माह्या पौर्णिमाले किती दिवसात येईन?"

मलाच येत नाही, एवढंच सांगायचं होतं. का नाही सांगितलं? अंगण भरून बाया पहिल्यांदाच मला काही विचारत होत्या. मी म्हटलं, "तीन महिने." शेवंताबाईने निंदणाच्या मजुरीतून फी दिली. बाकीच्यांनीही दिली.

तीन महिन्यांनी मुलींनी शाळेच्या पटांगणात काठ्या फिरवल्या. टाळ्या पडल्या. मी त्यांना म्हटलं, "आता घाबराचं नाई."

पौर्णिमा घाबरायची थांबली. आधी मैत्रिणींसाठी थांबायची, आता एकटीच यायला लागली. एका संध्याकाळी पुलाजवळ एकाने तिचं हँडल धरलं. सायकल टाकून पळता आलं असतं. तिने सायकलला बांधलेली काठी काढली आणि फिरवली — मी शिकवली तशी. त्याने एक फटका दंडावर घेतला, काठी धरली आणि पिळली. तिचं मनगट मोडलं. मागून कोळशाचा ट्रक आला, ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला, म्हणून तो पळाला.

मला सांगायचंय ते हे नाही. ते पुढेच आहे.

प्लास्टर घातलेला हात घेऊन ती माझ्या अंगणात आली. सोबत आई, बाकीच्या मुलीही होत्या. तिने विचारलं, "बाई, माह्यं काय चुकलं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "कोपर पडलं असन तुह्यं. किती वेळा सांगितलं होतं."

मी तिथे नव्हते. काही पाहिलं नव्हतं. आणि कोपर वर असतं तरी काय झालं असतं? तिने मान हलवली. मग तिथेच बसून ती चांगल्या हाताचं कोपर वर धरून बघत राहिली — बरोबर आहे का म्हणून. मी तिला थांबवलं नाही.

शिकवणं मी बंद केलं, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. तेही खोटं. मग शिवणाचे पैसे साठवून एकेका घरी फी परत करत गेले. तिथेही खरं बोलले नाही — शिकवणं अर्धं राहिलं म्हणून, एवढंच म्हटलं.

शेवंताबाईचं घर शेवटचं ठेवलं होतं, जायची हिंमत होत नव्हती. मागच्या आठवड्यात गेले. पौर्णिमा कणीक मळत होती, डाव्या हाताने. उजवी मूठ अजून नीट मिटत नाही.

"पैसे काऊन देऊन राह्यल्या, बाई?" ती हसली. "तुम्ही तं बरोबर शिकवलं होतं. कोपर माह्यंच पडलं."

मी तरीही पैसे पुढे केले. तिने डावा हात ओढणीला पुसून ते घेतले. आता कुणाचीच फी माझ्याकडे उरलेली नाही.