फुटबॉलच्या ब्लॅडरमधला प्राणवायू

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी भज्यांखाली जाते. न छापलेली मात्र वार्ताहराच्या घरीच मुक्काम ठोकते! १९१८च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत कर्जतच्या दवाखान्यात गोळा केलेले असे किस्से माझ्याकडे अजून पडून आहेत.

*

प्राणवायूचा सिलिंडर मुंबईहून गाडीनं यायचा, तोही नशिबात असला तर. नळीच्या टोकाला काचेचं नरसाळं लावून रोग्याच्या नाकासमोर धरायचं, ही सरकारी रीत. कंपाउंडर दाऊदभाईंनी एकदा उशापलीकडे विझत आलेली उदबत्ती धरली. ती भसकन पेटली!

"बघा डॉक्टर, रोग्यापेक्षा भिंतच जास्त ओढतेय!"

*

दाऊदभाईंनी तोड काढली. नाकातोंडावर घट्ट बसणारी, गावातल्या चांभाराकडून शिवून घेतलेली चामड्याची वाटी, तिला फुटबॉलचं ब्लॅडर. रोगी श्वास सोडत असताना येणारा वायू ब्लॅडरमध्ये थांबायचा. सोडलेला श्वास पेटीच्या भात्याला असते तसल्या झडपेतून बाहेर. एकाला पुरणारा सिलिंडर तिघांना पुरू लागला!

आणखी ब्लॅडर मागायला ते शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, "फुटबॉल ही शाळेची मालमत्ता आहे. अर्ज करा."

"करतो. पण पोरं जगली तरच खेळतील ना, मास्तर?"

*

मी दोन कॉलम लिहून पाठवले. संपादक म्हणाले, "चांभारानं शिवलेलं यंत्र? लोक हसतील!" त्या जागी माथेरानच्या घोड्यांच्या शर्यती छापल्या. माणसं पटापट मरत होती, आणि आम्ही कुठला घोडा पुढे ते सांगत होतो!

*

मग जिल्ह्याचे आरोग्यसाहेब आले. यंत्र तेव्हा जवळच्या कोंडाणे गावच्या हिरू ठाकराच्या तोंडावर होतं. त्याचे ओठ निळे पडलेले.

"कुठल्या कंपनीचं?"

"कर्जतच्या चांभाराचं, साहेब," दाऊदभाई म्हणाले.

"मग लावायचं नाही!"

हिरूकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशीही यंत्र हिरूच्या तोंडावरच होतं, तोच त्याच्या जप्तीचा हुकूम घेऊन साहेबांचा शिपाई हजर. डॉक्टर मान खाली घालून उभे. खाटेशी बसलेली हिरूची बायको चांगी मात्र कडाडली, "ने की! पर आदी हितं बस. माजा नवरा उटंपावतर त्याच्या तोंडात फुंक मारत ऱ्हा!"

शिपाई त्या फुगणाऱ्या-आकसणाऱ्या ब्लॅडरकडे बराच वेळ बघत राहिला. मग हुकमाची घडी करून त्यानं ती खिशात घातली.

"बाई, सायेब इचारतील. सांग, शिपाई आलाच नाय."

चांगीनं वरही पाहिलं नाही.

"कोनचा शिपाई रं?"