पुण्य त्यायचं, पाणी आमचं

दलालाच्या पोरानं माह्या हातातलं चांदीचं फुलपात्र हिसकलं. पाणी मातीत फेकलं. गड्याले म्हणाला, "राखेनं घासून आण. नीट."

पाणी आमच्या विहिरीचं होतं. पहाटेपासून मोट हाकून मीच काढलेलं.

कुठंतरी समुद्रापार लढाई जुंपली होती म्हणे. त्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाले सोन्याचा भाव आलता. अमरावतीच्या बाजारात गाड्यायच्या रांगा लागत. गाडीवाले, त्यायच्या बाया, दोन-दोन दिवस उन्हात उभे. प्याले पाणी नाई. एक म्हातारा गाडीखालीच मेला. तवा कुठं दलालायच्या पोरायले गरिबाची कीव आली.

ही पोरं मुंबईले शिकून आलती. चकचकीत बूट, खिशात घड्याळ. बापायनं कापसावर माड्या चढवल्या, पोरायनं सभा काढली. लोडाले टेकून दीनदुबळ्यायवर भाषणं करत. खरा दीनदुबळा पायरी चढला का गडी हाकलून देई. त्या सभेनं पाणपोई काढाचं ठरवलं. मोठ्या दलालाचा पोरगा आमच्या मळ्यात आला अन् सासऱ्याले म्हणाला, "बाबा, समाजाचं आपण काही देणं लागतो."

आमी माळी माणसं. सासरा भोळा. हो म्हणून बसला. नवरा मेल्यापासून मोट मीच हाकत होती. वांगी वाळली, तरी घागरी भरून मी बाजारात पोचवल्या.

त्या दिवशी पाणपोईचं उद्घाटन होतं. गोरा साहेब येणार होता. मांडव, तोरणं. फळ्यावर त्या पोरायची नावं. सासऱ्याचं नाव नव्हतं. एक घागर मांडवामागं ठेवून बाकीच्या रांजणात ओतल्या, घसा कोरडा पडलता, म्हणून समोरचं फुलपात्र उचललं. ते साहेबासाठी होतं.

"अक्कल नाही तुला?" तो दलालाचा पोरगा ओरडला.

"मले तहान लागली. पाणी आमचंच हाये."

सगळे हसले. "मले! मले!" एकानं नक्कल केली. दुसरा म्हणाला, "यांच्यासाठीच राबतोय आपण. आणि यांना वळण म्हणून नाही."

राबतोय! मी त्याचे हात पाहिले. लोण्यावानी होते.

मले मांडवामागं हाकललं. तिथं कौंडण्यपूरकडून गाडीसंगं आलेली एक महाराची बाई बसलती. कडेवर लेकरू. तिले सांगतलं होतं, तुला मागं पाणी वाढतील. समोर भाषणं चालू झाली. वाढाले कोणी आलं नाई. तिनं माह्याकडं पाहून ओंजळ धरली.

मी राहिलेली घागर उचलली अन् सवयीनं दुरून, वरून धार सोडली. अर्धं पाणी तिच्या ओंजळीबाहेर गेलं. मातीत.

माहा हात तिथंच थांबला. त्या पोरानं पाणी मातीत फेकलं, अन् मी काय करून राहिली होती? फक्त माह्या पायात बूट नव्हते.

घागर तिच्या पुढ्यात टेकवली. "घे. आपल्या हातानं पे."

ती मागं सरली. "माय, घागर बाटते तुमची."

"बाटू दे."

ती पेली. लेकराले पाजलं. मांडवातून तो पोरगा धावत आला. "अगं ए! पलीकडे साहेब बसलेत आणि इथं काय तमाशा मांडलाय?"

मी म्हटलं, "उद्यापासून पाणी बंद. समाजाचं देणं लागता ना? मंग या मळ्यात. मोट हाये, बैल हायेत. हाका."

एकबी आला नाई. दोन दिवसांत रांजण कोरडे पडले. फळा तेवढा राहिला. मी गाडीवाल्यायले निरोप धाडला, विहिरीवर या. सारे या. ती बाई आली, तिची माणसं आली.

भावकीनं आमाले वाळीत टाकलं. पंच म्हणाले, विहीर शुद्ध कर, पाया पड. सासरा त्या सभेकडं गेला, चार शब्द बोला म्हणून. दारातच उत्तर भेटलं, "लोकांच्या धर्मात सभा हात घालत नाही."

घरी येऊन सासरा रडला. "माफी मांग, पोरी. आपली भाजी कोण घेईन?"

"नाई मांगत. कोणी नाई घेतली तर आपण खाऊ, बैलायले घालू."

पंचायले बी तेच सांगतलं. ज्याले तहान लागली, तो येईन अन् आपल्या हातानं ओढून पेईन. कोणाचा हे इचारणार नाई. अन् ज्याले पुण्याची हौस हाये, त्यानं माह्या मळ्यात पाय ठेवू नये.